उलाळ

मेंढ्या कातरणारी आमची टोळी सात माणसांची.
मोटार जुनी, तिच्यामागे तिच्याहून जुना ट्रेलर.
ट्रेलरात कातरयंत्रं, धारेचे दगड, गाद्या,
बटाट्यांचं पोतं आणि ओतीव लोखंडाची चूल.
ती हलवायला चौघे लागतात,
म्हणून सगळे तिला बाईसाहेब म्हणतात.

बाईसाहेबांनी कुठे बसावं
यावरून दर डिसेंबरात वाद.
मागेच ठेवू, काढायला सोपी, म्हणतो नवा पोरगा रेमिहिओ.
मी काही बोलत नाही.
अन्सेल्मो लंगडत येतो, खांदा लावतो,
चाकांच्या कण्यापुढे चार बोटं तिला सरकवतो,
मग दांड्याचं टोक धरून उचलून बघतो.
उचललं जावं, पण कुरकुरत.
अलगद वर आलं तर गाडी उलाळ,
मग रस्त्यावर शेपूटच कुत्र्याला हलवणार.

बाकीची कामं क्षुल्लक.
गोळ्यावर कडी बसली की खट् वाजतं.
त्या खट्‌वर विश्वास ठेवायचा नाही.
जॅकने दांडा वर रेटायचा,
मोटारीची पाठ सोबत उठली तर खरं.
साखळ्या खालून, फुलीसारख्या,
डावी उजवीकडे, उजवी डावीकडे,
म्हणजे दांडा निसटलाच
तर जमिनीऐवजी झोळीत पडेल.
मी ब्रेक दाबते, मागून ओरडा येतो,
"डावा नाही!"
डावा कधीच नसतो.
सामुद्रधुनी ओलांडताना लाटा बार्जवर चढतात,
त्यांचं मीठ तारेच्या टोकाला धरतं.
चाकूने खरवडायचं, पुन्हा दाबायचं.
"आहे, आहे!"

पोर्वेनिर मागे पडल्यावर तासाभरात थांबायचं.
झाड नाही, घर नाही,
तारेचं कुंपण, पलीकडे ग्वानाकोंचा कळप, माना आमच्याकडे.
हातमोजा काढून पालथा हात
चाकाच्या मधोमध टेकवायचा,
आई तापात कपाळाला लावायची तसा.
कोमट चालतं.
चटका बसला तर वंगण संपलंय,
आतल्या आत बेअरिंग स्वतःला खातंय.
मग मालक फाटकापाशी घड्याळ बघत कितीही उभा असो,
चाक तिथेच उतरवायचं.

त्या वर्षी अन्सेल्मो चालवत होता.
मी शेजारी, गुडघ्यांत थर्मास.
चूल मागे होती.
मी ठेवायला सांगितली होती.
पहाटेची घाई, पाठीत कळ,
याहून मोठं कारण मला आजही सापडलेलं नाही.
उतारावर पश्चिमेचा वारा आडवा आला.
आरशात ट्रेलर डावीकडे दिसला,
मग उजवीकडे,
मग पुन्हा डावीकडे, जास्त.
त्याने ब्रेक दाबला.
कुणीही दाबला असता.
पुढचं खडीने त्याच्या मांडीत लिहून ठेवलंय.
चूल कुणी ठेवली, त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
अकरा हंगाम झाले.

आज तोच उतार, मी चालवतेय.
वारा आला. स्टिअरिंगला आधी कळलं,
मग माझ्या दंडांना.
ट्रेलरने एक झोका घेतला. दुसरा.
माझा उजवा पाय आपोआप ब्रेककडे निघाला
आणि मी त्याला हवेतच धरून ठेवलं.
ब्रेक नाही, वळवणं नाही,
नुसतं सरळ धरायचं आणि वेग मरू द्यायचा.
आयुष्यात इतकं कष्टाचं
काही न करणं मी कधी केलं नव्हतं.
ऐंशी. सत्तर. साठ.
रागावलेल्या कुत्र्यासारखा
ट्रेलर निमूट मागे आला.

गाडीत कुणी बोलेना.
रेमिहिओच्या हातात अर्धा पाव तसाच.
मागच्या सीटवरून अन्सेल्मो खाकरला.
"बाईसाहेब नीट बसल्यात, ओदिला."
मी मान हलवली.
बराच रस्ता गेला.
मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"या वेळी."

पुढच्या फाट्यावर मी थांबले.
तो माझ्याआधी उतरला, हातमोजा दातांत धरून,
आणि दोन्ही चाकांना हात लावून आला.
"कोमट," म्हणाला.
आणि तोच हात, अजून उघडा,
माझ्या खिडकीच्या काठावर ठेवून
थोडा वेळ तसाच उभा राहिला.