पदनाम

ऑर्डरवर आधी टाइप झालं होतं 'सल्लागार'.
घागबाईंनी ते खोडून पेनाने लिहिलं: समुपदेशक (तात्पुरते).
मग चष्म्यावरून बघत विचारलं,
"म्हणजे नक्की देणार काय तुम्ही? गोळी नाही, सुई नाही..."
मलाही धड सांगता येईना.
शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला,
आणि कोर्सभर आम्हाला बजावलेलं
की तेवढा तो करायचा नाही.

परळच्या इस्पितळात, एक्स-रेच्या जुन्या फिल्म ठेवायची खोली.
दोन खुर्च्या, एक स्टूल, कण्हणारा पंखा.
दाराला पाटी नव्हती. लोक रक्त तपासायला आल्यासारखे
बाही वर करूनच बसायचे.
कागदी रुमालांचा खोका मागितला
तर स्टोअरमधून उत्तर: या नावाचं लेखाशीर्ष नाही.

महिन्याच्या तक्त्यात रकाना होता, 'रुग्णास काय दिले'.
मी लिहायचे: वेळ.
ऑडिटने लाल शाईत विचारलं, परिमाण?
पंचेचाळीस मिनिटं. नग एक.

सुदाम आवळे, लिफ्टमन, काळाचौकी.
चार गुरुवार आला, चारही गुरुवार गप्प.
पाचव्या गुरुवारी वर बघत म्हणाला,
"बाई, ह्याचं बेअरिंग गेलंय."
पुढच्या खेपेला पाना नि तेलाची कुपी घेऊन स्टुलावर चढला
आणि माझ्याकडे पाठ करून,
पात्यावरची काळी धूळ पुसत पुसत
मुलाचं नाव घेतलं.
मग त्या रात्रीचं गॅलरीचं दार. मग आतून लावलेली कडी.
मी खाली स्टूल धरून उभी.
एवढंच केलं मी. स्टूल धरून उभी.

विनापरवाना पंख्यास हात लावल्याबद्दल
विद्युत विभागाचा मेमो आला नंतर.
अजून आहे फायलीत.

अकरा-अकरा महिन्यांचे करार जोडत सत्तावीस वर्षं.
दर दोन करारांमध्ये एक दिवस खंडित सेवा,
त्या दिवशीही कुणी येऊन कुलूप बघून गेलं असेल.
आता कायदा आलाय म्हणे, नोंदणी, क्रमांक.
उद्यापासून शर्वाणी खोत बसेल इथे.
तिच्या पदनामापुढे कंस नाही.
मला बरं वाटलं. थोडं लागलंही.

चार्ज देताना यादी वाचली: खुर्च्या दोन, कपाट एक,
पंखा एक, चालू.
स्टूल कुठल्याच यादीत नाही, कधी नव्हतं.
"एक पाय आखूड आहे मॅडम, भंगारात देऊ?"
म्हटलं, राहू दे.
धरावं लागतं त्याला.