अवधाण

कानाखाली, जबड्याच्या कडेला,
तुरीच्या दाण्याएवढी एक गाठ.
दाढी करताना सापडली, एका मंगळवारी.
तेव्हापासून उजव्या हाताला
दुसरं कामच उरलं नाही.

तीस वर्षं वडगावात माग चालवतोय.
सुतातली गाठ डोळ्याला दिसायच्या आधी
माझ्या बोटाला कळते.
तेच बोट आता मानेवर फिरतं
ताणा तपासल्यासारखं, इकडून तिकडे.
ही होतीच का? ही दुसरी?
डावीकडेही आहे.
म्हणजे बरं, की वाईट?

रात्री मोबाइलच्या उजेडात मी तीनदा मेलो.
भारती कूस बदलून म्हणाली,
“काय सारखं चाचपूलालास?
कोंबडी अंड्यावर बसती तसं बसलास तिच्यावर.”

डॉक्टर मुरगोडांनी दोन बोटांनी दाबलं,
काखा बघितल्या, घसा बघितला,
खालच्या किडक्या दाढेपाशी थांबले.
“एनू इल्री,” म्हणाले. काही नाही.
मला कानडी येतं.
बाजाराचं, बँकेचं, बसच्या पाटीचं.
पण त्या दोन शब्दांचा अर्थ
शहापूरच्या चढापासून घरापर्यंत
मी चाळीसदा लावला:
काही नाही,
की काही करण्यासारखं नाही?

“दाढ काढून घ्या. आणि तीन आठवडे
गाठीला हात लावायचा नाही.”
हे त्यांनी मराठीत सांगितलं,
म्हणून पळवाट उरली नाही.

शेजारची तायव्वा कांड्या भरता भरता हसली.
“अवधाण आलंय की रे.
अवधाण आलं की गाठ बघत बसायचं नसतंय,
लागलंय कुठं ते बघायचं.”
खरंच. सातवीत टाचेत बोरीचा काटा मोडला होता,
जांघेत लिंबाएवढी सूज.
कुणी घाबरलं नव्हतं.
काटा काढला, हळद भरली,
मी दुसऱ्या दिवशी लंगडत शाळेत.

दाढ काढली. जीभ आता त्या खड्ड्यात जाते,
हाताला तेवढाच विसावा.
हात तरीही निघतोच वर, शर्टाच्या गुंडीपर्यंत येतो,
तिथून मी त्याला परत मागावर आणतो,
पोराला गेटातून वळवावं तसा, न ओरडता.
रविवारी सकाळी, अंघोळीआधी, एकदा:
एवढी परवानगी भारतीने दिली आहे.

काल धागा तुटला.
सांधला, गाठ मारली, माग सुरू केला.
साडी पुढे सरकली, गाठ गुंडाळीत गेली.
कुठे आहे ते मला माहीत आहे.
नेसणारीला कधी कळणार नाही.

आज शुक्रवार.