एका कानाची राखण

उद्यमबागच्या फाउंड्रीत कानात घालायचे बोळे फुकट मिळतात.
नारिंगी, निळ्या दोरीचे. सही करून घ्यायचे.
चिमटीत वळून बारीक करायचे, कान मागून वर ओढायचा,
आत सरकवून वीस आकडे मोजायचे.
सुपरवायझर हिरेमठ कन्नडात मोजतात, मी मराठीत.
दोघांचे वीस एकदमच होतात
आणि हातोडा लांब, कुठेतरी टिळकवाडीत पडायला लागतो.

तीच जोडी खिशात घालून सुगीला गावी आलो.
खळ्यावर इंटान भाताची रास, वर ताडपत्री,
बाजूला पिंजराचं अंथरूण,
अंथरुणावर मी आणि भरमाणीमामा.
मामाचं घोरणं म्हणजे चोर्ल्याच्या चढाला लागलेला ट्रक.
गिअर पडतो, घुसमटतो, थांबतो,
तुम्ही म्हणता, सुटलो,
आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या रात्री दोन्ही कान बंद केले.
मामा गेला.
लोंढ्याकडची मालगाडी गेली.
पलीकडच्या खळ्यावरच्या पोराचा मोबाइल गेला.
राहिलं माझंच रक्त, धपधप,
आणि गिळलेला आवंढा
आडात बादली पडावी तसा.
मग घाबरलो.
राखणीला आलेला माणूस मी!
डुकरं अर्धी रास खाऊन, ढेकर देऊन गेली
तरी मला ते सकाळी ताडपत्रीकडून कळणार.
काढले. मामा जिथं होता तिथूनच सुरू झाला.

खानापुरात मेडिकलवाल्या सवदीला विचारलं,
घोरणं अडवणारं पण डुक्कर ऐकू देणारं काही आहे का?
तो हसला नाही.
मेणाची डबी काढली, बोटाच्या उबेनं मऊ होणारी.
दोन पाकिटं काढली,
एकावर तेहतीस, एकावर सत्तावीस.
'डेसिबल री. जास्ती आकडा, जास्ती झोप.'
म्हटलं, ह्या आकड्यात डुक्कर कुठं बसतंय?
त्यानं पाकीट उलटंपालटं करून खरंच वाचलं.
'इल्ला री. ते लिहिलेलं नाही.'
सत्तावीसवालं घेतलं.
साठ रुपये देऊन
कमी झोप विकत घेतली.

त्या रात्री एकच बोळा, मामाकडच्या कानात.
रानाकडचा कान उघडा ठेवला, तो लगेच कामाला लागला.
ताडपत्रीवर दव,
पिंजरात उंदीर,
नंदगडच्या अंगाला कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं,
तिकडं हत्ती असेल
किंवा नुसतीच भीती.
अशी वाटणी करून झोपलो.
पण झोपेत माणूस कूस बदलतो
आणि कुशीला राखण कळत नाही.
उघडा कान उशीत गेला,
बुजवलेला आभाळाकडे.

किती वाजता कोण जाणे, जाग आली.
आवाजानं नव्हे.
सत्तावीसच्या फटीतून पाझरत होतं तेवढं
घोरणं थांबलं होतं.
मामा उठून बसलेला, घोंगड्यातून डोकंच बाहेर,
तोंड उघडं. तो तोंडानं ऐकतो.
'ऐक की.'
बोळा काढला. कान रानाकडे धरला.
'मामा, काय बी न्हाई.'
'तेच म्हणतोय. किडं गप झाल्यात.'

बॅटरी मारली.
बांधापलीकडचा ऊस हलला,
मग हलायचा थांबला.
आम्ही दोघं उभे, मी अनवाणी,
काहीच न बोलता बराच वेळ.
मग एक किडा लागला. मग दुसरा.
मामानं तंबाखू थुंकली
आणि घोंगडं ओढून आडवा झाला.

दोन श्वासांत गिअर पडला.
मी मुठीत बोळा धरून पडलो,
वळून बारीक केलेला, घालू की नको.
वीसपर्यंत मोजलं, पुढंही मोजत गेलो,
आणि तो मुठीत हळूहळू फुगत राहिला
अंधारात कान शोधत असल्यासारखा.