कादरी मास्तरांचे दात

मंगळवारी खालचे चार काढले, गुरुवारी वरचे उरलेसुरले.
परभणीच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं:
पातळ, कोमट, बिनतिखट.
बेगम नांदेडला, लेकीच्या बाळंतपणाला.
चिठ्ठी त्यांनी जिन्यातूनच माझ्यापुढं धरली,
तोंडावर रुमाल, डोळ्यांत तक्रार.

म्हणून हे सूप.
दोन गाजरं. लाल भोपळ्याची एक फोड.
शिरा तासलेला दोडका.
मूठभर तुरीचे ओले दाणे, सोलून नखं हिरवी झाली.
टमाटा नको, तो फार पुढं पुढं करतो;
आंबटाला चुक्याची अर्धी जुडी.
आणि बटाटा नाही.
बटाटा पडला की सूप पंचमावर जाऊन बसतं,
मांडी घालतं, उठत नाही.

मला मारवा आवडतो.
त्यात पंचम नाही,
आणि षड्ज येतो तोही
जुनी उधारी फेडायला आल्यासारखा,
दारातूनच.

एकोणीस वर्षं हे मी मास्तरांना सांगते आहे.
एकोणीस वर्षं ते म्हणतात,
"कामून ओ बाई, तुमचा गवई
गाडी फलाटाला लावतच नाही?"
(सेलूच्या स्टँडवर माईक माझ्याकडं होता:
जिंतूर, मंठा, पाथरी, मानवत.
कुठं टोचायचं ते त्यांना नेमकं कळतं.)
त्यांना द्रुत हवी, अडाणा हवा,
तराण्याचे बोल असे तडतडले पाहिजेत
की शेजारच्यानं खिडकी लावावी.
मी म्हणायचे, लाह्याच हव्यात तर
कढई तापवा की, मास्तर.

आज सहाला कुकर उतरवला.
टेपवर मुद्दाम माझीच कॅसेट लावली,
म्हटलं, आता कुठं वाद घालता बघू.
गवई निषादावर उभा होता,
पाय उचललेला, टेकवायचा बाकी,
आणि लाइट गेली.

मिक्सर गेला. टेप गेला.
फळीवरून पितळी पुरणयंत्र काढलं.
मास्तरांनी न सांगता त्याचे पाय धरले,
मी दांडी फिरवायला लागले.
घर्र, घर्र,
भोपळा खाली सुतासारखा पडायला लागला.

त्या घर्रला मास्तरांनी सा मानलं.
सवयीनं तराणा उचलला.
दिर दिर निघेना. हिअ हिअ निघालं.
तोमचा त कुठल्या कुठं.
दात लागतात, बाई, असं काहीसं म्हणाले,
तेही नीट म्हणता आलं नाही.
मी हसले. हसायला नको होतं.

मग बराच वेळ नुसती दांडी.
मग आकार.
नुसता आकार, उघड्या, दुखऱ्या तोंडाचा,
एका स्वरावर इतका वेळ थांबलेला
की मला वाटलं, विसरले पुढचं.
विसरले नव्हते.
अडाणा नव्हता तो. मारवाही नव्हता,
उगाच माझ्या पदरात कशाला पाडून घेऊ.
त्यांच्या घशात हे इतकं सावकाश
कधीपासून पडून होतं, कोण जाणे.
दांडी मी आपोआप हळू केली.
दोडक्याचा चोथा जाळीत अडकला,
तो तसाच राहू दिला.

सूप गार झालं. परत गरम केलं.
जिरं, तूप, मीठ जरासं.
ताट-वाटीचा खटाटोप नको म्हणून
चहाच्या कपातच दिलं.
फुंकर मारता येत नव्हती त्यांना,
म्हणून थांबत थांबत प्यायले,
शेवटचा घोट संपवून
कपाच्या तळाशी बघत म्हणाले,
"बटाटा पायजे होता."

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं.
एकोणीस वर्षं घोटून तयार.
बोलता आलं नाही,
आणि माझे तर सगळे दात
अजून शाबूत आहेत.