तिसरा अंक, बाकी अठरा रुपये

बर्डीवर, मोदी नंबर दोनच्या एका जिन्याखाली
माझं मशीन होतं.
अर्ज, करारनामे, भाडेपावत्या,
पानाला सव्वा रुपया. स्टेन्सिलचे पाच.

हेडाऊ सर आले त्या दुपारी डांबर मऊ झालेलं.
पिशवीत मोठाले, घडी पडलेले कागद,
आयर्लंडहून ओळखीच्या कुण्या ननने धाडलेले.
वैजयंताबाई, म्हणाले, मलाही हे थोडंच लागतं,
पण तिथल्या पोट्ट्यांनी काय केलं ते ऐका.

तिथं म्हणे एक भाषा आहे.
पाट्यांवर आहे, परीक्षेत आहे,
मंत्री भाषणाच्या सुरुवातीला दोन ओळी बोलतात तिच्यात
आणि घसा खाकरून इंग्रजीत येतात.
बाकी ती समुद्राकाठच्या म्हाताऱ्यांची,
जाळ्यांची, बटाट्यांची.
तर एका बंदराच्या शहरातली कॉलेजची पोरं,
लांब केसांची, फाटक्या खिशांची,
तिला हाताला धरून गुत्त्यात घेऊन गेली.
तिच्यात मोटारसायकल लिहिली, भाडं थकलेली खोली लिहिली,
अंगाला अंग लागलेलं लिहिलं.
ऐकायला खुर्च्या पुरल्या नाहीत.
जाणते चिडले : हे शब्द कोशात नाहीत.
मग कोशाला सांगा, पोरं म्हणाली,
तो उशिरा येऊन राहिला.

पाण्याला ते इश्के म्हणतात, सर बोलले.
चहाचे ग्लास उचलता उचलता रज्जाक हसला,
"इश्क? पाण्याले?
बराबर आहे बे, तेही तीन दिवसांआड येते."

सरांच्या मागे एक पोरगी उभी होती,
मेडिकलच्या नर्सिंगची, सुकरती मडावी.
गोंडी तिची भाषा.
संमेलनवाल्यांनी तिला सांगितलं होतं,
ढोल आण, मोरपीस आण, ते रेला-रेला म्हण.
ती लिफ्टवरची कविता घेऊन गेली.
लिफ्टला गोंडीत काय म्हणतात, कुणीतरी विचारलं.
लिफ्ट, ती म्हणाली.

मी टाइप केलं. भाषा येत नव्हती, अक्षरं तर आपलीच.
नार आलं, परत नार, चार ओळींनंतर येर.
मी ठरवून टाकलं, कुण्या बाईवरची असेल,
असेल कुणी नखरेवाली.
एका जागी तर न विचारता दुरुस्तही केलं :
नारी.

तपासताना तिचं बोट थांबलं.
रागावली नाही.
बाई, नार म्हणजे गाव. येर म्हणजे पाणी.
पेंचकडचं आमचं गाव धरणात गेलं तेव्हा
पाणी असंच चढलं,
ओटा, चूल, देवाचा कोनाडा.
मेडिकलची लिफ्ट रात्री तशीच चढते.
लाल आकडा, एक, दोन, तीन,
स्ट्रेचरवर कुणाचा तरी बाप,
आणि मी मोजून राहते.

गुलाबी वार्निशाची कुपी उघडून
मी ती वेलांटी बुजवली.
नीट बुजली नाही.
छापलेल्या अंकात अजून दिसते,
गावाच्या डोक्यावर एक पुसट रेघ,
पाणी कुठवर आलं होतं, दाखवणारी.

मेडिकल चौकातल्या टपरीमागे ते वाचायचे.
आधी अकरा जण, मग चाळीस,
एकदा एक सायकलरिक्षावाला सवारी सोडून म्हणाला,
ते लिफ्टवालं पुन्हा म्हण ना, माय.
चौथ्या अंकात सरांच्याही सहा ओळी आल्या,
हलबीत.
त्यांची आई मागावर तुटल्या धाग्याला
ज्या शिव्या द्यायची, त्याच.
वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी त्या लिहून काढल्या
आणि माझ्याकडे देताना कान लाल झाले त्यांचे.

पाचवा निघाला नाही.
सुकरतीची नेमणूक गडचिरोलीकडे झाली,
सरांना दम्याने धरलं,
आणि खरं सांगते, मलाही लग्नसराईचं काम होतं.

मशीन मागच्या साली भंगारात गेलं.
वहीत तिसऱ्या अंकापुढे अठरा रुपये बाकी दिसतात.
मागायचे कुणाला?
पण ते पान मी फाडलं नाही.