वेळ घ्यायची होती

आस्लाउगबाईंना वेळ घ्यायची होती.
किर्केनेसच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची, बाकी काही नाही.
पण दवाखान्याचं पान उघडायला गेलं की
पडद्यावर लाल त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह,
आणि ताकीद:
हे ठिकाण तेच आहे, याची खात्री देता येत नाही.

"आठ दिवस झाले," त्या म्हणाल्या.
"दवाखाना दवाखानाच आहे का, हे आता मी कोणाला विचारू?"

मी दर गुरुवारी वार्डोच्या वाचनालयात बसतो,
लोक आपापली रुसलेली यंत्रं घेऊन येतात.
पण त्यांचा संगणक जुना, जड,
आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ.
मग मीच गेलो.

मुलाने, आय्विंदने, त्रोम्सोहून फोनवर सांगितलं होतं,
आई, 'प्रगत' दाब,
मग खाली बारीक अक्षरांत 'तरीही पुढे जा'.
बाईंनी दाबलं नव्हतं.
"ज्या घरचं कुत्रं भुंकतंय
तिथे मी 'तरीही' म्हणत शिरत नाही."

आधी नेहमीचं केलं.
राउटर बंद, राउटर चालू. दुसरा ब्राउझर.
तिथेही तोच त्रिकोण.
माझ्या फोनवर मात्र पान मुकाट उघडलं.
म्हणजे दवाखाना खरा.
पाणी मुरत होतं ते इथेच, या खोलीत.

मग प्रमाणपत्र उघडून वाचत बसलो.
दवाखान्याची साक्ष एका कंपनीने दिलेली,
त्या कंपनीची दुसरीने.
"आणि दुसरीची?"
"तिची तीच. तिथून पुढे विचारायचं नसतं."
"आमच्या पाद्र्यासारखं," बाई म्हणाल्या,
आणि कॉफी ओतली.

त्रिकोणाखाली एक ओळ होती, मी दोनदा ओलांडलेली:
प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.
अजून?
तेव्हा कुठे नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली.
एक जानेवारी, दोन हजार दहा.
रात्रीचे बारा चाळीस.

बाहेर अंधारच होता.
सकाळचे अकरा वाजून गेले होते,
पण नोव्हेंबरात बुडालेला सूर्य
इथे जानेवारीशिवाय तोंड दाखवत नाही.
रात्रीचे बारा चाळीस कोणाला खटकणार?

यंत्र पंधरा वर्षं मागे बसून
आजचा कागद तपासत होतं.
त्याच्या लेखी हे प्रमाणपत्र
अजून पाळण्यातसुद्धा नव्हतं.

पेटी उघडली. धूळ, एक मेलेली माशी,
आणि कोटाच्या बटणाएवढी बॅटरी, तीही मेलेली.
"रात्री मी प्लग काढून ठेवते. आगीची भीती."
म्हणजे रोज सकाळी
त्याचं तेच नवं वर्ष उजाडत होतं.

दुकान सोमवारपर्यंत बंद.
बाई स्वयंपाकघरात गेल्या,
मासे तोलायचा काटा आणला, उलटा केला,
नखाने झाकण उचकटलं.
तीच बॅटरी.
"घ्या. मासा काय, हाताला कळतो."

मी तारीख भरायला बसलो.
"मला सांगू द्या," त्या म्हणाल्या,
"एकतीस वर्षं किनारा-रेडिओवर होते.
बोटींना आधी वेळ सांगायची, मग वारा.
वेळच चुकली तर
खरा वारा सांगून काय उपयोग?"
आणि खुर्चीत ताठ झाल्या,
आवाज एकदम सपाट, दूरवर ऐकू जाईलसा:
वार्डो. चार डिसेंबर.
अकरा वाजून बावीस मिनिटं.
वारा ईशान्येचा, वाढणारा.

वारासुद्धा मी टंकणार होतो.

पान उघडलं. कोपऱ्यात कुलूप, इवलंसं,
कुणाच्या लक्षातही येऊ नये असं.
पहिली मोकळी वेळ अकरा मार्चची.
"मार्चात उजेड असतो," त्या म्हणाल्या.
"तेव्हा डोळे तपासलेले बरे."

कोट चढवताना पाहिलं,
सवयीने त्यांनी कॉडचा तुकडा काट्यावर ठेवला,
कोऱ्या पडद्याकडे बघितलं,
आणि मीठ घ्यायला वळल्या.