फक्की

कादंबरी आखायला बसलो
की मला चुन्याची फक्की आठवते.

औशाच्या पुढं, भूकंपानंतरचा उन्हाळा.
मी अठ्ठावीस वर्षांचा ज्युनिअर इंजिनिअर,
सोबत मैनोद्दीन मिस्त्री.
काळ्या रानावर दोरी ताणायची,
मुठीतून चुना सोडत मिस्त्री उलटा उलटा सरकायचा,
आणि दिवस कलेपर्यंत एक अख्खं गाव
जमिनीवर निजलेलं असायचं.
भिंती नाहीत.
नुसतं, भिंती कुठं असतील ते.

लोक आपापलं घर बघायला यायचे.
मुद्रिकाबाई आली.
दार दाखवलं होतं तिथं चपला काढल्या,
रेघेवर पाय न देता
दारातूनच आत गेली.
वाकून गेली.
जुन्या घराची चौकट बुटकी असणार.

आम्ही कुणी हसलो नाही.

मधोमध उभी राहून म्हणाली,
"सायेब, चूल हितं?
वारं तर तिकडून येतंय की ओ.
समदा धूर निजायच्या खोलीत."
मी नकाशा उलगडला, मंजूर, सहीशिक्क्याचा.
तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.
मिस्त्रीनं पायानं रेघ पुसली, दुसरी ओढली.
खर्च: चुना एक मूठ.
हीच भिंत लिंटेलपर्यंत चढल्यावर हलवायची
तर किती लागलं असतं,
तो हिशोब मी अजून करतो
चौथ्या प्रकरणापाशी.

आता निवृत्त. लातूरला, बार्शी रोडवर, मुलाच्या फ्लॅटमध्ये
लाइट बिलांच्या पाठीमागं आखणी चाललीय.
तेरा प्रकरणं. मोडावरची पिठाची गिरणी.
मालकीण केवळा, तिचा दीर,
दिरानं ज्वारीच्या कणगीत दडवलेलं खरेदीखत.
नवव्यात केवळा मरते
असं लाल पेनानं लिहिलं होतं,
खाली दोन रेघा.
मग तिला म्हटलं, ये, फिरून बघ.
आठव्यापर्यंत आली.
नवव्याच्या दारात उभी.
चपला काढेना.

दोन दिवस मी बिलाकडं बघत बसलो.
सुनेला वाटलं, रीडिंग चुकलंय.
चुकलं होतंच.
वारं कुठून येतंय
ते मी विचारलंच नव्हतं तिला.
बिल फाडलं नाही. नवव्यावर काट मारली,
दिराला गिरणीच्या पट्ट्यापाशी उभं केलं,
आणि मोटार चालू ठेवली.

मुद्रिकाबाई जाता जाता म्हणाली होती,
"ह्या कोपऱ्यात कायबी काढू नका. उगं ऱ्हाऊ द्या."
"कशाला लागणार?"
"ते आत्ताच कसं सांगू?"
मी कागदावर लिहिलं: मोकळी जागा, सहा बाय आठ.
वरून शेरा आला, प्रयोजन काय?
त्याचं उत्तर माझ्याकडून राहूनच गेलं.
अकरावं प्रकरण तसंच ठेवलंय,
आकडा, आणि भोवती चौकोन.

एका सकाळी साइटवर गेलो
तर रात्री कुणाची तरी शेळी फिरून गेलेली.
चुलीपासून न्हाणीपर्यंत,
न्हाणीतून सरळ भिंतीपार,
काळ्या मातीवर पांढरे खूर
पार डांबरी सडकेपर्यंत.
मिस्त्री शिव्या घालत घमेलं भरायला गेला.
मी दोरी तशीच हातात धरून
खुरांमागं चालत निघालो.